सासूबाईंच्या नावावरची दाढ

आमच्या घरात कुणाच्या दातांचा विमा सगळ्यात भक्कम असेल, तर तो सासूबाईंच्या. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आणि तोंडात दात एकही नाही. हसू नका, खरं सांगते.

मी वर्ध्यातल्या एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. आमच्या कॉलेजनं सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून आरोग्य विमा काढला आहे आणि त्यात दातांचाही खर्च बसतो. बहुतेक विम्यांत तो बसत नाही, अपघातात जबडा फुटला तरच दात मोजतात. आमच्यात बसतो म्हणून आम्ही ऑफिसवाले जरा तोऱ्यात असतो. फॉर्म भरताना रकाने होते ते असे: स्वतः, नवरा, मूल, आणि आईवडील किंवा सासूसासरे यांतलं एक. माझे आईवडील भावाच्या विम्यात होते, सासरे राहिले नव्हते. मी सासूबाईंचं नाव लिहिलं आणि सही ठोकली. जावेसाठी रकाना नव्हता. कुठल्याच फॉर्मात तो नसतो.

विमा आहे तर वापरा, म्हणून दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना कवळी करून दिली. पैसे सगळे कंपनीनं दिले. सासूबाईंनी ती चार दिवस लावली. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "तोंडात कोनी दुसरंच येऊन बसल्यावानी वाटते," आणि कवळी स्टीलच्या डब्यात घालून फळीवर ठेवून दिली. लग्नकार्यात, फोटोपुरती ती बाहेर निघते. जेवायला त्यांचा जुना खलबत्ता बरा. लोखंडी, ओंजळीत मावेल एवढा. भाकरीचा पापुद्रा, शेंगदाणे, सुपारी, जे चावायचं ते त्यात कुटतात. आमच्याकडे, वर्ध्याला लागून पिपरी मेघेला, चार दिवस राहायला आल्या तरी कापडी पिशवीत लुगड्याखाली खलबत्ता असतोच.

सासूबाई राहतात गावी, केळझरपासून जवळच, माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई यांच्याजवळ. जाऊबाई माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठ्या. कापूस, तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू, असा त्यांचा संसार. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मला ऑफिसात परत रुजू व्हायचं होतं, तेव्हा जाऊबाई स्वतः बसनं आल्या आणि म्हणाल्या, "दे तिले माह्यापाशी." दोन वर्षं पोरगी त्यांनी वाढवली. मी शनिवारी जायची, सोमवारी पहाटेच्या बसनं परत यायची. पोरगी पहिल्यांदा आई म्हणाली ती त्यांना. मला तेव्हा भयंकर राग आला होता. तोंडानं काही बोलले नाही, आज लिहून टाकते.

आणखी एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल. दर माघात आम्ही सगळे केळझरच्या गणपतीला जातो आणि तिथं रोडग्यांचा स्वयंपाक करतो. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तूप-वरणाशी खायचे. वांग्याची भाजी असतेच. रोडग्याचं आतलं मऊ असतं, वरचं साल मात्र चांगलं टणक. ते साल जाऊबाईंना जीव की प्राण. सगळ्यांच्या ताटातली सालं त्या मागून घ्यायच्या. "टाकू नको, आन इकडं," म्हणायच्या आणि कडाकडा चावायच्या. भासरे चिडवायचे, "इले लग्नात हुंडा नको होता, रोडगे पाह्यजे होते." त्या चावणं थांबवायच्या नाहीत.

पण दात त्यांचे एकेक करून चालले होते. दुखला की बाजाराच्या दिवशी सेलूला जायचं आणि काढून टाकायचा. डावीकडच्या दाढा तशाच गेल्या. प्रत्येक वेळी भासऱ्यांचं एकच, "तोंडात बत्तीस हायेत, एकासाठी काय रडतं." भासरे दुष्ट नाहीत हो, त्यांचेही असेच गेले आहेत. काढायला थोडे पैसे आणि अर्धा दिवस लागतो. वाचवायला पुष्कळ पैसे आणि पुष्कळ दिवस लागतात. शेतावर असलेल्या माणसाजवळ दोन्ही एकाच वेळी असतील, असं क्वचित घडतं.

माझी गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी माझी खालची दाढ ठणकायला लागली. सिंदी मेघेच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, कीड मुळापर्यंत गेली होती. तीन फेऱ्यांत रूट कॅनाल झालं, चौथ्या फेरीत वर कॅप बसली. मी फक्त कार्ड दाखवलं. त्याच आठवड्यात फुटाणे खाल्ले आणि जाऊबाईंना फोनवर त्याचा आवाजही ऐकवला. अक्कल नाही, दुसरं काय.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असताना जाऊबाईंची उजवी दाढ दुखायला लागली. लवंग दाबली, मग तंबाखूचा गुडाखू घासला. दहाबारा दिवसांनी दुखणं आपोआप थांबलं. "बरी झाली," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं, मीही बरं म्हणाले. दाढ आतून मेली की दुखायची थांबते, हे आम्हां दोघींना कुठं माहीत. मग एका सकाळी गाल टम्म सुजला आणि त्या पदर तोंडाला लावून आमच्या दारात उभ्या राहिल्या.

मी त्यांना माझ्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला, फोटो उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाल्या, "दाढ वाचते. मुळं चांगली आहेत. पण पंधरा दिवसांच्या आत सुरू करा." खर्च कॅपसकट आठ हजार. काढायचे सातशे. तात्पुरतं सिमेंट भरून दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "तोवर या बाजूनं चावायचं नाही."

जाऊबाईंनी विचारलं, "मंग कोन्त्या बाजूनं चावू?"

डॉक्टरबाईंनी पुन्हा तोंडात बॅटरी मारली. दुसऱ्या बाजूला दाढच नव्हती. "मऊ खा," एवढंच म्हणाल्या.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. जाऊबाईंनी बशीत ओतून, फुंकून, पुढच्या दातांमधून हळू प्यायला. त्यांनी आपलं सरकारी कार्ड काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. मोठ्या ऑपरेशनला ते चालतं, सासऱ्यांच्या वेळी चाललं होतं. मी आधीच विचारून आले होते, या कामाला ते लागू होत नव्हतं. शिकाऊ डॉक्टरांच्या कॉलेज-दवाखान्यात निम्म्या पैशांत होतं, पण पाचसहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला अख्खा दिवस. "वेचणीत सहा दिवस?" त्या म्हणाल्या. "बाया लावल्या हायेत वावरात. मी नसली त कापूस कोन मोजून घेईन?" मग बशी खाली ठेवून म्हणाल्या, "काढून टाकतो ना मी. कायले एवढं. पण ही गेली त मंग चावाले काहीच नाई राह्यत, तेच वाटून राह्यलं."

आता इथं मला स्वतःला गाठायचं आहे.

आठ हजार माझ्याजवळ नव्हते, असं नाही. होते. त्याच महिन्यात मी मुलीच्या दातांना तारा बसवायला घेतल्या होत्या. तारा विम्यात बसत नाहीत, दिसण्यापुरत्या म्हणून. पोरीचे पुढचे दोन दात जरासे वाकडे, तेवढ्यासाठी मी पहिला हप्ता मुकाट्यानं भरला होता, कुणाच्या मंजुरीची वाट न पाहता. आणि ही ती पोरगी, जिला यांनी दोन वर्षं घास भरवले. तेव्हा चहाच्या टपरीवर मला इतकंच म्हणायचं होतं, "चला बाई, परत आत चला, मी भरते." मी ते म्हणाले नाही. मी म्हणाले, "थांबा. मी काहीतरी करते. काढू नका."

काय करणार होते, ते तेव्हाच डोक्यात आलं होतं. सासूबाईंच्या नावाची जागा विम्यात रिकामीच पडली होती म्हणायची. डॉक्टरबाईंनी दिलेल्या खर्चाच्या चिठ्ठीवर नाव लिहायचं राहिलं होतं. कंपनीला काय, कागद पाहिजे. आडनाव एकच. रात्रीच्या जेवणाआधी मी चिठ्ठीवर सासूबाईंचं नाव लिहिलं, एक्स-रेचा फोटो जोडला आणि मंजुरीसाठी पाठवून दिलं.

नवरा शाळामास्तर आहे. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "हे बरोबर नाही."

"कंपनी इतकी वर्षं आपले पैसे खाते, ते बरोबर आहे काय?"

"मग आपणच देऊ ना वहिनीले. त्यात काय."

"त्या घेतील काय? भासरे घेऊ देतील? लहान भावाच्या बायकोचे?"

मी म्हटलं ते खोटं नव्हतं. भासऱ्यांना खरंच आवडलं नसतं. पण मी त्यांना विचारलंही नव्हतं. फुकटात होत असेल तर गाठीचे का घाला, हा माझा हिशेब होता आणि भासऱ्यांचा मान मी त्याच्यापुढं पडद्यासारखा धरला होता.

जाऊबाईंना मी फोनवर खरं सांगितलं. त्या घाबरल्या. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणतात. "आत्याबाईच्या नावानं? पाप नाई लागन ना?" मी म्हणाले, पाप लागलं तर मला लागेल, तुम्ही फक्त ती दाढ सांभाळा, मंजुरी आली की पहिल्या बसनं या. "बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हनतं त थांबतो."

आठवड्यानं कंपनीनं चिठ्ठीचा स्पष्ट फोटो मागितला. दिला. मग आणखी काही दिवस नुसतं 'तपासणी सुरू' असं दिसत राहिलं. जाऊबाई फोनवर कधी विचारायच्या नाहीत, पण काय जेवलात म्हटलं की सांगायच्या, भाकर दुधात कुस्करून, वरणभात, मुगाची खिचडी. एकदा म्हणाल्या, "आत्याबाई अन् मी, दोघीबी एकच जेवून राह्यलो." हसल्या, मीही हसले.

एकोणिसाव्या दिवशी ऑफिसात उत्तर आलं. मी ते तीनदा वाचलं. 'आमच्या नोंदीनुसार सदर लाभार्थी यांच्या मुखात एकही नैसर्गिक दात नाही. कृपया खुलासा करावा.'

कवळी. कवळीचा फॉर्म मीच भरला होता. माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनं, 'सर्व दात पडलेले' असं लिहून दिलं होतं. दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढून मी पगार खाते आणि स्वतःचाच फॉर्म विसरले. उत्तराची एक प्रत आमच्या मोठ्या बाबूंकडेही गेली होती. ते खुर्चीतूनच म्हणाले, "काय मॅडम, सासूबाईले नवी दाढ फुटली काय?" सगळे हसले. मी पण हसले. अर्ज चुकून गेला, मागे घेते, असं लिहून दिलं आणि सही केली. मग एक फाइल उघडून अर्धा तास एकच पान वाचत बसले.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. पैसे घेऊन निघायला हवं होतं. मी चार दिवस फोन केला नाही. लाज वाटत होती, आणि लाजेचं वजन मी उचलत बसले तोवर तिकडे त्या थांबल्या होत्या, मी थांबा म्हटलं होतं म्हणून.

पाचव्या दिवशी त्यांचाच फोन आला. आवाज बारीक. भातात खडा आला होता. उजवीकडे चावायचं नाही हे त्यांना माहीत होतं, पण सवय कुठं सुटते. कट्‌ झालं आणि दाढेचा एक तुकडा हातात आला.

मी सुट्टी टाकली, पैसे घेतले, त्यांना बसस्टँडवरून थेट दवाखान्यात नेलं. आठ हजार पर्समध्ये होते, एका पाकिटात, घट्ट चेन लावून. डॉक्टरबाईंनी पाहिलं, मला खुर्चीजवळ बोलावलं आणि आरसा धरून दाखवलं. चीर वरपासून मुळापर्यंत गेली होती. "आता कॅप कशावर बसवू?" त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारलं. "पंधरा दिवस म्हटलं होतं मी."

मी जाऊबाईंकडे पाहू शकले नाही. मी म्हणाले, "माझ्यामुळं झालं."

जाऊबाई खुर्चीत आडव्या होत्या, तोंडात कापूस, बोलताही येत नव्हतं. त्यांनी हात लांब करून माझं मनगट धरलं आणि दाढ निघेपर्यंत सोडलं नाही. मला वाटलं होतं धीर त्यांना हवा आहे. दाढ निघाली. सातशे रुपये मी दिले. ते मात्र लगेच दिले.

परत येताना ऑटोत मी सगळं सांगितलं. तारांचा हप्ता, पर्समधले पैसे, चार दिवस फोन न करणं. त्यांनी गालावर रुमाल दाबला होता. मग रुमालाआडून म्हणाल्या, "पोरीच्या तारा कराच लागते. पोरीचं लगन करा लागते उद्या. माह्यं काय." त्यांनी माफ केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण माफ करण्यासारखं काही घडलं, असं त्यांना वाटतच नव्हतं. पोरीचे दात सरळ व्हावेत आणि त्यांची दाढ जावी, हे त्यांना वावरात कापूस आधी अन् तूर मागून येते तितकं साधं वाटलं. त्याचंच मला रडू आलं. ऑटोवाला आरशात पाहत होता, पाहू दे म्हटलं.

माघात आम्ही नेहमीसारखे केळझरला गेलो. दर्शन झालं, झाडाखाली गोवऱ्या पेटल्या. भासऱ्यांनी राखेतून रोडगे काढले, फडक्यात घालून झटकले, जाऊबाईंनी एकेक फोडून ताटात वाढले. मुलगी तारा चमकवत सगळ्यांना तूप वाढत फिरली. जाऊबाई सगळ्यात शेवटी बसल्या. आतलं मऊ त्यांनी वरणात कालवलं, आणि सालं काढून ताटाच्या कडेला रचून ठेवली. यंदा त्यांनी कुणाचं मागितलं नाही. भासऱ्यांनीही चिडवलं नाही.

सासूबाई पलीकडे बसल्या होत्या. पिशवीतून खलबत्ता काढून त्यांनी आपलं साल त्यात कुटलं, भुगा वरणावर पसरला. मग थोड्या सरकल्या, जाऊबाईंच्या ताटातली सालं उचलली आणि खलात घातली.

"राहू द्या ना आत्याबाई," जाऊबाई म्हणाल्या.

"राहू कायले देऊ. तुले आवडते ना."

त्या कुटत राहिल्या. ठक ठक आवाज येत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा हात, पण सवयीचा. भुगा झाला तो त्यांनी चिमटीनं जाऊबाईंच्या वरणावर घातला, वर तूप सोडलं. जाऊबाई खाली मान घालून जेवू लागल्या. सासूबाईंनी बोट फिरवून खल पुसला आणि पिशवीत ठेवण्याआधी माझ्याकडे पाहिलं. माझ्याही ताटाच्या कडेला सालं तशीच पडली होती. मला ती खाववत नव्हती.

"लहाने, तुले पाह्यजे काय कुटून?"

"नको आई," मी म्हणाले. "मले चावता येते."

मग साल उचललं, नव्या कॅपवर धरलं आणि सगळ्यांसमोर चावलं. त्याचा आवाज, फोनवर ऐकवलेल्या फुटाण्यांसारखाच, जाऊबाईंपर्यंत गेला असणार. आम्ही एकाच सतरंजीवर बसलो होतो.